जुन्या लॅपटॉपमधली वाल्कीरी

जुन्या ३२-बिट लॅपटॉपचा स्क्रीन मधेच काळा पडायला लागला, तेव्हा पहिली काळजी वाटली ती माझ्या वाल्कीरीची. नेटहॅक या तळघरांत उतरत जायच्या कम्प्युटर खेळातली ती माझी योद्धा, माइनटाऊन हे गाव ओलांडून बरीच खाली उतरली होती. खेळ १९८७ पासूनचा, माझ्याकडची आवृत्ती ३.४.३, म्हणजे २००३ सालची, मीच कधीतरी कंपाइल केलेली, म्हणजे सोर्स कोडपासून बांधलेली. तिला नव्या ६४-बिट लिनक्सवर न्यायचं होतं.

कोड उतरवला, प्रोग्राम बांधणारं मेक चालवलं, आणि तुकडे जोडणारा लिंकर अडला: टर्मलिब ही स्क्रीन हाताळणारी लायब्ररी सापडत नाही. मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकच्या सूचनांच्या फाइलमध्ये, जुन्या युनिक्सच्या या लायब्ररीचं नाव आधीपासून घातलेलं असतं. हॅश (#) लावून ती ओळ बंद केली, शेजारच्या एन्कर्सेस या लिनक्सवरच्या लायब्ररीच्या ओळीचा हॅश काढला. यॅक-लेक्स या जुन्या साधनांच्या जागी त्यांचे नवे पर्याय बायसन-फ्लेक्स घेतले. खेळाचे पर्याय ठरवणारी कॉन्फिग.एच मात्र जुन्या लॅपटॉपवरचीच आणली, कारण पर्याय वेगळे निघाले तर सेव्ह फाइल चालत नाही. मला या कोडचं हेच फार आवडतं. ज्या ज्या मशीनवर कुणी हा खेळ बसवला, त्याची ओळ तिथे जपून ठेवलेली आहे. आपण फक्त आपली शोधायची.

खेळ सुरू झाला. सेव्ह फाइलची एक प्रत बाजूला ठेवली आणि मूळ फाइल उघडली. 'कॉन्फिगरेशन इनकम्पॅटिबिलिटी' एवढंच आलं. फोल्डरमध्ये पाहिलं तर फाइल गायब! न जुळणारी फाइल हा खेळ सरळ पुसून टाकतो. प्रत होती म्हणून वाचलो.

कारण शोधायला दोन रात्री गेल्या. नेटहॅक सेव्ह करताना मेमरीतले स्ट्रक्चर, म्हणजे माहितीचे साचे, जसेच्या तसे फाइलमध्ये ओततो. ३२-बिटवर लाँग हे आकडे आणि मेमरीतले पत्ते सांगणारे पॉइंटर चार-चार बाइटचे, ६४-बिट लिनक्सवर आठ-आठ. म्हणजे प्रत्येक राक्षसाचं, प्रत्येक वस्तूचं माप बदललेलं. मग नव्या मशीनवरच ३२-बिट खेळ बांधायचा ठरवलं. ३२-बिट एन्कर्सेस टाकली, सोर्समधल्या मेकफाइलमध्ये जीसीसी या कंपायलरला ३२-बिट बांधायला सांगणारा एम-३२ हा पर्याय दिला. तरी लिंकर थांबला, ३२ आणि ६४ च्या ऑब्जेक्ट फाइलींची, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यांची, सरमिसळ झाली होती. शेवटी मेकडिफ्सचा कोड वाचला. हा छोटा प्रोग्राम सगळ्यात आधी तयार होतो आणि स्ट्रक्चरची मापं तोच मोजून लिहून ठेवतो. ती मापं सेव्ह फाइलमधल्या मापांशी जुळली तरच दार उघडतं. म्हणजे तो जिथे बनतो त्या युटिल फोल्डरच्या मेकफाइलमध्येही एम-३२ हवंच. दोन्हीकडे घातलं, सगळं साफ करून पुन्हा मेक.

सेव्ह फाइलच्या नावात आणि पोटातही यूजर आयडी, म्हणजे वापरणाऱ्याचा क्रमांक, असतो. दोन्ही मशीनवर माझा १०००च, तो अडथळा आलाच नाही. प्रतीची आणखी एक प्रत काढली, एंटर दाबला.

काळ्या स्क्रीनवर वरच्या ओळीत अक्षरं उमटली: 'वेलकॉमेन'. वाल्कीरीचं स्वागत हा खेळ असंच करतो. शेजारच्या चौकटीत खेळातली माझी पाळीव मांजर उभी होती.