मुक्काम फर्दापूर: अजिंठ्याच्या घाटाखाली एक रात्र

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी गाडी काढायची, दुपारी लेणी उरकायची आणि दिवेलागणीला परत, हा अजिंठ्याचा ठरलेला कार्यक्रम. त्यात अर्धा जीव प्रवासातच जातो. माझं म्हणणं एवढंच, की एक रात्र घाटाखाली काढा. हा डोंगर मुळात मुक्कामासाठीच कोरलेला आहे.

पुरावा हवा असेल तर १२ नंबरचं लेणं बघा. इथे चित्रं उरलेली नाहीत, त्यामुळे गाइड लोकांना थेट पुढे घेऊन जातात. मधे चौक, तीन बाजूंना मिळून १२ खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे. झाली सोय! घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने हे दान दिल्याचा लेख तिथेच आहे. पावसाळ्यात भिक्खूंनी हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, तो वर्षावास. खालची वाघूर नदी फुगलेली असताना या खोल्यांत माणसं कशी राहत असतील, हे ओट्याजवळ उभं राहिलं की आपोआप कळतं. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने १६ नंबरचं लेणं कोरवलं. त्यातही भिक्खूंच्या खोल्या आहेत, पण मागच्या गाभाऱ्यात भव्य बुद्धमूर्ती आली. निवारा होता, त्याचं देऊळही झालं.

भिक्खू गेले, लेणी झाडीत बुडाली, पण घाटाची वाट वाहतीच राहिली. बुऱ्हाणपूरकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजा आणि व्यापारी इथूनच जायचे. फर्दापूरची मोगलकालीन सराई त्यांच्यासाठीच बांधलेली. लेण्यांकडे धावण्याआधी तिथे थोडं थांबा.

२८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या कड्यावरून लेण्याची कमान दिसली. त्याने १० नंबरच्या लेण्यात स्वतःचं नाव कोरलं (ही खोड आपलीच आहे असं उगाच वाटतं). ते आज डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा तो आत साचलेल्या दगडमातीच्या ढिगावर उभा होता. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला आला आणि घाटमाथ्यावरच्या अजिंठा गावात बारादरीत राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची सहचरी पारो मात्र इथलीच. तिची कबर आजही गावात आहे. ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत नकलांसाठी इथे येत होत्या. त्यांच्या मदतनीसांत तरुण नंदलाल बोसही होते.

आता कामाचं. सिल्लोडमार्गे येणारी एसटी गोळेगाव, अजिंठा करत घाट उतरते आणि फर्दापूरला येते. जळगावकडून आलात तर अंतर बरंच कमी पडतं. खाजगी गाडी लेण्यांच्या फाट्यावर, म्हणजे टी पॉइंटवर, ठेवावी लागते, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने. सोमवारी लेणी बंद असतात (वेरूळ मंगळवारी), त्यामुळे शनिवारी-रविवारी गर्दी उसळते. शक्य असेल तर मधल्या वारी या, आणि मुक्काम फर्दापुरातच असल्याने सकाळी दार उघडताना हजर राहा. मोठे ग्रुप यायच्या आत १, २, १६ आणि १७ ही चित्रांची लेणी बघून घ्या. १२ नंबर नंतर गर्दीतही निवांत मिळतं. फ्लॅश चालत नाही. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून लेसचे बूट टाळा.

पाय धड असतील तर पूल ओलांडून समोरच्या व्ह्यू पॉइंटवर चढा. घोड्याच्या नालेसारखं वळण घेणारी सगळी रांग तिथूनच एका नजरेत येते. ऑगस्टात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, पण सातकुंडाचा धबधबाही तेव्हाच असतो, त्यामुळे काय ते तुम्हीच ठरवा. एप्रिल-मे मात्र सोडून द्या, काळा कातळ अंगावर येतो.

जेवण फर्दापुरात. गाव मराठवाड्यातलं, पण ताटात खानदेश उतरलेला: शेवभाजी, कळण्याची भाकरी, थंडीत वांग्याचं भरीत. तिखट झेपत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.