सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं अंधेरीला: आयएसएल बघायला निघणाऱ्या सोलापूरकरांसाठी

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभे होतो तेव्हा भाच्यानं मोबाईल पुढं केला. 14 फेब्रुवारी 2026 पासून आयएसएल, म्हणजे फुटबॉलची इंडियन सुपर लीग, सुरू. "मामा, औंदा पण जायचं की?"

जुलैपासून हा हंगाम लटकला होता. फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा 15 वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपणार होता आणि पुढं काय, हे कुणीच ठरवेना. आता 14 संघ, एकच फेरी, एकूण 91 सामने. म्हणजे प्रत्येक संघाला 13, त्यातले घरच्या मैदानावर थोडेच. दरवर्षीसारखं "ही मॅच हुकली तर पुढची बघू" चालणार नाही. म्हणून मागच्या वर्षीचा आमचा अनुभव लिहून ठेवतो.

आधी एक रडगाणं. पुण्यात बालेवाडीला एफसी पुणे सिटी ही आयएसएलची टीम होती तोवर आपल्याला हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की काम झालं. 2019 ला ती बंद पडली आणि तिची जागा हैदराबादला गेली. म्हटलं, ठीक, तेही जवळच. तो संघ 2022 मध्ये विजेताही झाला, पण कोरोनामुळं सगळं गोव्यात. आता तीच जागा दिल्लीला गेलीय. पुण्याहून हैदराबादला जाणारी गाडी सोलापूरवरूनच जाते, संघ मात्र इथं दोन मिनिटंही थांबला नाही. राहिली मुंबई.

आम्ही 1 मार्च 2025 चा मुंबई सिटी विरुद्ध कोलकात्याची मोहन बागान हा सामना निवडला. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर, पहाटे दादर. इथंच चुकलो. सामना संध्याकाळी आणि हातात अख्खा दिवस. चौपाटी, वडापाव, पुन्हा चौपाटी; दुपारी पोरगं बाकड्यावरच झोपलं. मुंबईत कुणी पाहुणे नसतील तर सरळ सकाळची वंदे भारत धरा, दुपारपर्यंत पोचता. आठवड्यातून एक दिवस ती सुटत नाही, तेवढा वार बघून घ्या.

मैदान म्हणजे अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल. दादरहून पश्चिम रेल्वेनं अंधेरी, तिथून वर्सोव्याच्या बाजूची मेट्रो, पुढचंच स्टेशन आझादनगर. तिथून चालत जा, रिक्षाच्या भानगडीत पडू नका. सामन्याचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात. आमच्याकडं शेंगा चटणीचा डबाही होता. तो बाहेरच्या पानवाल्याकडं ठेवला; परत घेतला तेव्हा बराच हलका लागला. चटणी आपली, बोलणार काय!

मैदान लहान, सात-आठ हजारांचं. हीच मजा आहे. टीव्हीवर फक्त बॉल दिसतो. इथं बॉल नसलेले नऊ-दहा जण काय करतात ते दिसतं. बचावाची फळी एकमेकांवर ओरडत कशी वर सरकते, विंगरला, म्हणजे कडेनं पळणाऱ्याला, पास मिळणार नाही हे ठाऊक असूनही तो कसा पळतो. त्यासाठी वरच्या ओळीत बसा. अगदी पुढं बसलात तर खेळाडूंच्या पोटऱ्या दिसतील, खेळ दिसणार नाही.

बागाननं आठवड्यापूर्वीच लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, खिशात घातली होती. मध्यंतराला मुंबई 0-2 मागं, आणि आसपास बंगाली जल्लोष. भाचा गप्प. मग मुंबईच्या टोरालनं एक फेडला आणि अगदी शेवटी नेथननं बरोबरी केली. 2-2. पोरगं माझ्या खांद्यावर चढलं होतं. चौदा वर्षांचं आहे, खांदा चार दिवस दुखला.

परतीचं नीट ऐका. साडेसातचा सामना साडेनऊच्या आसपास संपतो. सीएसएमटी गाठायच्या नादाला लागू नका. आझादनगरहून मेट्रोनं घाटकोपर, तिथून फास्ट लोकलनं कल्याण, आणि तिथं सिद्धेश्वर पकडा. तिकीट काढतानाच बोर्डिंग कल्याण टाका, नाहीतर आधीच्या स्टेशनवर तुम्ही दिसला नाहीत म्हणून बर्थ दुसऱ्याला जाईल. आरक्षण आता 60 दिवस आधीच खुलतं, शनिवार-रविवारच्या जागा लगेच भरतात. मात्र गाडीचं तिकीट काढण्याआधी वेळापत्रकात तारीख आणि मैदान दोन्ही बघा.

आम्ही अजून सामना ठरवलेला नाही. मला ईस्ट बंगाल बघायचाय. भाच्याचं एकच, दिल्ली मुंबईत येणार असेल तर तीच मॅच. का, तर म्हणे, "आपल्या स्टेशनवरून गेलेली टीम आहे ती."