मॉरिशसमध्ये 'आपली माणसे' किती टक्के?

मॉरिशसमध्ये काही वर्षे शिकवण्याचे काम केल्यामुळे महाराष्ट्रात कुठेही गेले तरी एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: तिथे आपली माणसे किती टक्के आहेत, आणि तो छोटा भारतच म्हणायचा ना? तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी नुसता आकडा न सांगता सविस्तर लिहिते.

आकडा सहज सापडतो. भारतीय वंशाचे ६८ टक्के, क्रिओल (म्हणजे मुख्यतः गुलामांचे वंशज) २७, चिनी ३ आणि फ्रेंच २, अशी वाटणी बहुतेक माहितीपुस्तकांत छापलेली असते. मात्र तिचा आधार फार जुना आहे. मॉरिशसच्या खानेसुमारीत 'तुम्ही कोणत्या समाजाचे?' हा प्रश्न शेवटचा विचारला गेला तो १९७२ मध्ये. १९८२ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने तो काढून टाकला आणि तेव्हापासून धर्म विचारतात, भाषा विचारतात, वंश किंवा समाज विचारत नाहीत. सुमारे साडेबारा लाख लोकसंख्येच्या या देशाने आपल्या माणसांची अशी मोजदाद करायची नाही, असे ठरवून टाकले आहे.

का ठरवले, हे समजण्यासाठी ही माणसे तिथे कशी आली ते पाहावे लागते. या बेटावर मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. डचांनी १६३८ मध्ये वसाहत केली आणि १७१० मध्ये ती सोडून दिली. १७१५ पासून फ्रेंचांनी बेट ताब्यात घेऊन मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले, आणि काही गुलाम व कारागीर भारतातूनही आणले. १८१० मध्ये इंग्रज आले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा साठ हजारांहून अधिक माणसे गुलाम होती. त्यांच्या सुटकेपोटी वीस लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई दिली गेली, पण ती मालकांना, गुलामांना छदामही मिळाला नाही. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून करारबद्ध भारतीय मजुरांची तुकडी पोर्ट लुईला उतरली आणि पुढच्या काही दशकांत कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही बंदरांतून मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिथे गेली. मुंबईहून गेलेल्यांत आपल्या कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची, कुटुंबे होती. १८६१ पर्यंत बेटावरचे जवळजवळ दोन तृतीयांश लोक भारतीय झाले होते.

'छोटा भारत' म्हणताना आपण ही कथा १८३४ पासून सुरू करतो. त्याआधी शंभर वर्षे ज्यांनी ते बेट राबून उभे केले, त्यांची आठवणही आपल्याला होत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. गुलामांच्या वंशजांकडे, म्हणजे क्रिओल समाजाकडे, बहुतेकदा पूर्वजांच्या गावाचे नावही शिल्लक नाही. मजुरांच्या वंशजांना निदान तिथल्या महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात पणजोबांची नोंद सापडू शकते: क्रमांक, जहाज, जिल्हा, कधी कधी छायाचित्रसुद्धा.

खानेसुमारीतून गेलेला तो प्रश्न राज्यघटनेत मात्र ठाण मांडून बसला आहे. निवडणुकीत ६२ सदस्य थेट निवडून येतात आणि एखाद्या समाजाला कमी जागा मिळाल्यास पराभूतांपैकी सर्वांत चांगली मते मिळवणाऱ्यांतून आणखी आठपर्यंत जागा भरल्या जातात. घटनेच्या परिशिष्टानुसार लोकसंख्येत हिंदू, मुस्लिम आणि चिनी-मॉरिशियन असे तीन समाज आहेत. आणि आपल्या जीवनपद्धतीवरून जो यांपैकी कोणत्याही समाजाचा वाटत नाही, तो 'सर्वसाधारण लोकसंख्या' या चौथ्या समाजाचा मानला जातो. साखर कारखान्याचा गोरा मालक आणि त्याच्या पूर्वजांनी विकत घेतलेल्या गुलामाचा पणतू, दोघेही या एकाच रकान्यात बसतात, कारण दोघेही 'बाकीचे' ठरतात. या आठ जागांच्या वाटपाचे गणित आजही १९७२ च्याच आकड्यांवर केले जाते. समाज जाहीर करायला नकार देणाऱ्या उमेदवारांचे अर्ज बाद झाले, ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर २०१४ च्या निवडणुकीपुरती जाहीर न करण्याची सवलत मिळाली.

आपण मराठी माणसे या चौकटीत 'हिंदू' रकान्यात मोडतो. पण खानेसुमारीत धर्माचा प्रश्न आला की तिथली कित्येक मराठी कुटुंबे 'हिंदू' असे न लिहिता सरळ 'मराठी' असे लिहितात, जसे तमिळ 'तमिळ' आणि तेलुगू 'तेलुगू' लिहितात, आणि सांख्यिकी खाते ती नोंद तशीच छापते. मला यात हट्ट दिसत नाही. भोजपुरी पट्ट्यातून आलेल्यांची संख्या एवढी मोठी आहे की 'हिंदू' म्हटले की तेच गृहीत धरले जातात. वेगळे देऊळ आणि गणपतीतली कोकणातली जाखडी टिकवायची तर कागदावरही वेगळे दिसावे लागते. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तशी चिनी नववर्षाला, ईदला, नाताळला आणि १ फेब्रुवारी व २ नोव्हेंबर या दोन्ही तारखांनाही असते.

चिनी समाजाचे उलटे झाले आहे. त्यांच्यातले बरेच जण कॅथलिक झाल्यामुळे धर्माच्या तक्त्यात ते दिसतच नाहीत.

घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेचे आकडे मला सर्वांत बोलके वाटतात. २००० मध्ये सुमारे १२ टक्के लोकांनी भोजपुरी सांगितली होती, २०११ मध्ये जेमतेम ५ टक्के. त्याच वर्षी क्रिओल सांगणारे ८६ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे गुलामांनी घडवलेली भाषा आज मजुरांची नातवंडे घरात बोलतात. मराठी घरातही आजी नातवाला जेवायला हाक मारते ती बहुधा क्रिओलमध्ये, आणि मराठी तो शाळेत विषय म्हणून शिकतो. प्राथमिक शाळेत क्रिओल हा ऐच्छिक विषय म्हणून आला तो थेट २०१२ मध्ये.

तेव्हा पूर्वज कुठून आले असे विचारलेत, तर दोन तृतीयांशांचे भारतातून, हे उत्तर ढोबळमानाने बरोबर आहे. 'आपली माणसे' किती, असे विचारलेत, तर ते त्यांनाच विचारावे लागेल, आणि बहुतेक जण आधी 'मॉरिशियन' म्हणतील. त्या आठ जागा रद्द कराव्यात की नाही यावर तिथे अजून एकमत नाही. १९७२ चे आकडे मला अन्यायाचे वाटतात, तरीही त्या जागा एका फटक्यात काढून टाकाव्यात असे मी म्हणणार नाही. २००३ ते २००५ चा काळ सोडला तर स्वातंत्र्यापासून प्रत्येक पंतप्रधान हिंदू कुटुंबातलाच झाला आहे, आणि आपला आवाज संसदेत उरेल का, ही मुस्लिम आणि क्रिओल मतदारांची भीती निराधार नाही.