स्वप्नाला धूर लावू नका

अमळनेर, चोपडा, एरंडोल अशा एखाद्या गावात कमी पैशांत नॉयर सिनेमा, म्हणजे गडद सावल्यांचा गुन्हेपट, करायचा म्हटलं की स्वप्नाच्या प्रसंगात धूर सोडायचा आणि चौकटीच्या कडा धूसर करायच्या, असा मोह हमखास होतो. तो टाळाच. झोपेत स्वप्न धूसर वाटत नाही. ते खरंच वाटतं, म्हणून तर घाम फुटतो. जागेपणीचीच लेन्स, तोच प्रकाश ठेवा आणि फरक वस्तूंत आणि आवाजात करा.

आठवणीचंही तसंच. माणूस आठवताना साठवलेलं जसंच्या तसं बाहेर काढत नाही, दर वेळी नव्याने रचतो, हे फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच मांडलं. पटकथेत याचा सरळ उपयोग होतो. धाब्याच्या घराचा ओटा तीनदा दाखवायचा. पहिल्यांदा उंबऱ्याशी पितळी तांब्या, दुसऱ्यांदा त्याच जागी स्टीलचा, तिसऱ्यांदा तांब्याच नाही, फरशीवर नुसता ओला गोल. तिन्ही वेळा कॅमेऱ्याची उंची आणि अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा, स्टँडच्या पायांशी खडूने खुणा करा. कोन जरा बदलला की प्रेक्षक कोनाकडे बघतो आणि तांब्या वाया जातो.

भाषाही कामाला येते. चौकशीच्या प्रसंगात नायक प्रमाण मराठी बोलतो; आठवणीत मात्र आई अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना?’ असंच विचारते. तिथे खाली भाषांतर देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता अंधार. अंधार म्हणजे कमी प्रकाश नव्हे, हे आधी पक्कं करा. सगळंच कमी उजेडात चित्रित करून नंतर संगणकावर उजळलं की काळ्या भागात दाणे नाचतात. चेहऱ्याच्या एका बाजूला पुरेसा प्रकाश द्या, दुसरी बाजू तीन स्टॉप खाली ठेवा; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, तीन म्हणजे एक अष्टमांश. त्यासाठी दिवा एकच, पण जवळ. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून जवळच्या दिव्याने चेहरा उजळतो आणि मागची भिंत आपोआप काळी पडते. सावलीला परदेशी पट्ट्यांचे पडदे कशाला हवेत? खिडकीचे गज आहेत, बांबूचा तट्ट्या आहे. रावेर-यावलकडे केळीची फाटकी पानं आहेत. त्यांच्यामागे दिवा लावला तर सावली हलतेसुद्धा. धारदार सावलीसाठी दिवा लहान आणि उघडा हवा. त्यावर कापड टाकलं की गज विरघळलेच.

आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. ती लुकलुक चित्रात उमटू नये म्हणून सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० सेकंद ठेवा. २४ चौकटी घेतल्या तरी शटर १/५०च. तरीही स्वस्त एलईडी बल्बमुळे पट्टे येऊ शकतात, म्हणून आदल्या रात्री पाच मिनिटं चित्रित करून मोठ्या पडद्यावर बघा. रस्त्यावर जुना पिवळा सोडियमचा दिवा असेल तर कातडीचा रंग नंतर नीट परत येत नाही. कृष्णधवलात ती अडचणच उरत नाही.

कोरडं डांबर उजेड पितं, म्हणून रात्रीचा रस्ता ओला करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये टँकर आणून तो ओला करणं चूक आहे. गावात पाणी तीन-चार दिवसांआड येतं, शिवाय शिंपडलेलं पाणी दुसऱ्या टेकपर्यंत उडून जातं. हे प्रसंग आषाढ-श्रावणातच लावा.

आवाजाला लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच फसतात. पंख्याची घरघर संवादात मिसळली की नीट सुटत नाही. टेक छोटे घ्या, तेवढ्यापुरता पंखा बंद. प्रत्येक जागी सगळ्यांना स्तब्ध उभं करून मिनिटभर नुसती शांतता ध्वनिमुद्रित करा: रातकिडे, भुसावळकडे निघालेली लांबची मालगाडी. पंखा वेगळा मुद्रित करा आणि जागेपणीच्या प्रसंगांत तो मागाहून घाला. स्वप्नात रातकिडे राहू द्या, मालगाडी राहू द्या. पंखा डोक्यावर गरगर फिरताना दिसू द्या, आणि फक्त त्याचाच आवाज काढून टाका.