तुम्ही विचारलंत म्हणून: शोधनिबंध आणि दोनशे पानी वही

रिफ्रेशर कोर्सच्या मधल्या सुट्टीत, चहाच्या रांगेत तुम्ही विचारलंत, "मॅडम, तुम्ही पेपरही लिहिता आणि दिवाळी अंकातही लिहिता. दोन्ही कसं सांभाळता? माझे गाइड म्हणतात, पीएचडी होईपर्यंत ललितबिलित बंद." मागून कुणीतरी कप पुढे केला आणि मी "जमतं हो कसंतरी" म्हणून सुटले. वर्षातून चार-सहा वेळा कुणी ना कुणी हे विचारतं आणि मी दर वेळी असंच सुटते. तुमचा चेहरा मात्र घरी येईपर्यंत डोळ्यांसमोर होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं सांगून टाकते. वेळेचं काहीही जमत नाही. नॅकचं, म्हणजे कॉलेजाच्या मूल्यांकनाचं, वर्ष असलं की पेपरही होत नाही आणि मराठीही होत नाही, नुसत्या फायली होतात. गणपती जवळ आले की दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात जर्नलकडून परीक्षकांचे शेरे येऊन पडतात. मी पहाटे उठून लिहीत नाही. उठते, पण तेव्हा पाणी येतं. जे काही लिहून होतं ते म्हसवड-सातारा एसटीत, मांडीवर वही ठेवून. घाटात अक्षर असं होतं की नंतर माझं मलाच लागत नाही.

म्हणजे वेळेचा सल्ला देण्याच्या लायकीची मी नाही. पण तुमचा खरा प्रश्न वेळेचा नव्हता, असं मला वाटतं. एकानं दुसरं बिघडतं का, हे तुम्हाला विचारायचं होतं. त्यावर मला बोलता येईल, कारण दोन्हीकडून बिघडवून झालंय.

माझा विषय तुम्हाला माहीत आहे: विहिरींचं पाणी. माण तालुक्यातल्या काही विहिरींची पातळी मी बरीच वर्षं मोजते आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये जेमतेम ४५०-५००, तोही आला तर. खाली सगळा बेसॉल्ट. वरून मुरूम, मग कुठे मांजऱ्या खडक, कुठे काळा पाषाण, मधेच गेरूचा लाल पट्टा. पाणी या खडकात ओंजळीओंजळीनं असतं, चिरांत आणि सांध्यांत. म्हणून एका बांधावरची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, हे इथे नवल नाही.

तर मी विहिरीवर जाते, टेप सोडते, आकडा घेते. त्यातून कठड्याची उंची वजा करते, कारण पेपरात पातळी जमिनीपासून द्यायची असते. तारीख, विहीर क्रमांक, मीटर. विहीर क्रमांक ११ ही एका आजींची आहे. त्यांच्या घरात पिण्याचं पाणी अजून पोहऱ्यानं शेंदतात आणि आजींनी दोरीला हाताहातावर गाठी मारलेल्या आहेत. मी टेप सोडायच्या आत त्या गाठी मोजून आकडा सांगतात. पेपराच्या तक्त्यात आजी नाहीत, दोरी नाही, पोहरा नाही. असायचंही कारण नाही. त्या तक्त्यात आणखी कितीतरी विहिरी आहेत आणि वाचणाऱ्याला फक्त पाणी किती खाली आहे ते हवं आहे. पेपराची ही कंजुषी मला आवडते. तिची कुचेष्टा करणारे ललित लेखक मला फारसे पटत नाहीत. "पातळी मोजण्यात आली" असं लिहिलं की वाक्यातून मी निघून जाते आणि माझ्या जागी कुणीही टेप सोडली तरी तोच आकडा यावा, अशी अट मागे उरते. अट चांगलीच आहे.

पण संध्याकाळी एसटीत बसलं की दोरीच्या गाठी आठवतात. त्या कुठे ठेवायच्या? त्यासाठी ती दोनशे पानी वही.

सुरुवातीला मला याची लाज वाटायची. पहिला मराठी लेख मी एका साप्ताहिकाला माहेरच्या नावानं पाठवला, कॉलेजात कळू नये म्हणून. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. हा किस्सा मी त्या दिवसांत मनाला समजावायला वापरायचे. पण तो मला लागू नव्हता. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, ही त्यांची काळजी. माझी काळजी एवढीच, की स्टाफरूममध्ये कुणी म्हणू नये, "मॅडमना वेळ बराच मिळतो हं."

तसं म्हणायला कारणही होतं. २०१० मध्ये यूजीसीनं एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांचं काम मोजायचे, गुण आणले आणि कॉलेजाकॉलेजांत पेपरांची मोजणी सुरू झाली. कुठे छापला, किती गुण. पुढे केअर ही मान्य जर्नलांची यादी आली, त्या यादीतलं जर्नल असेल तरच धरणार. २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीही गुंडाळली. या सगळ्या काळात माझ्या मराठी लिखाणाला कुठल्याच फॉर्मात रकाना नव्हता. आधी वाईट वाटायचं. आता वाटतं, नव्हता तेच बरं. रकाना असता तर मी त्यातही गुण मोजत बसले असते.

आता बिघडण्याचं सांगते.

एका लेखात मी लिहिलं, की एका शेतकऱ्यानं खोल बोअर मारली आणि शेजारची पिढ्यान्‌पिढ्यांची विहीर आटली. लेख लोकांना आवडला. शेवटचा परिच्छेद तर मलाच फार आवडला होता. महिन्याभरानं एक पोस्टकार्ड आलं. निळ्या शाईत एवढंच: "मॅडम, कशावरून?" खाली त्या बोअरवाल्याच्या मुलाची सही.

मी दिवसभर ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरले. कशावरून? माझ्याकडे काहीच नव्हतं. बोअरचं पाणी वेगळ्या थरातलं असू शकतं. मधे काळ्या पाषाणाचा जाड थर असेल तर वरच्या विहिरीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. संबंध आहे हे दाखवायचं तर बोअर चालू ठेवून शेजारच्या विहिरीची पातळी तासातासानं बघावी लागते. ते मी केलं नव्हतं. त्या वर्षी पाऊसही कमी होता. हे सगळं मला ठाऊक होतं, वर्गात शिकवते मी. हेच वाक्य पेपरात लिहायला माझा हात धजला नसता. मराठीत मात्र वाक्याला लय लागली आणि मी वाहवत गेले. पुढच्या अंकात चार ओळींची दिलगिरी छापून आणली. पोस्टकार्ड अजून वहीत आहे, मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेलं.

तेव्हापासून मराठी लेख पाठवण्याआधी मी स्वतःलाच ते कार्ड टाकते. वाक्य जितकं सुंदर, तितका संशय जास्त. यात लेखाचं थोडं नुकसान होतं, हे कबूल. "असावं", "बहुधा", "असं गावात म्हणतात" वाढतात. संपादक त्यातले निम्मे खोडतात, मी भांडून दोन-तीन परत घालते.

उलट्या बाजूचा किस्सा याहून मोठा आहे आणि तुमच्या गाइडना सांगायचा तर हा सांगा.

एका पेपरात परीक्षकानं विहीर क्रमांक ११ वर बोट ठेवलं. मे महिन्यात आजूबाजूच्या विहिरी पंधरा दिवसांत वीस-तीस सेंटिमीटरनं उतरल्या आणि ही एकटी जवळजवळ दीड मीटरनं. शेरा होता: कारण द्या, नाहीतर नोंद वगळा. फील्डशीटवर फक्त आकडा. आकड्यापुढे माझीच सही. कारण काही आठवेना. तीन वर्षं उलटून गेली होती. नोंद वगळायचं जवळपास ठरलं होतं. मग सहज, खरंच सहज, त्या महिन्याची मराठी वही उघडली. घाटातलं अक्षर. त्यात पानभर आजींच्या नातवाच्या हळदीचं वर्णन होतं: मांडव, पिवळे हात, मला आग्रहानं वाढलेलं जेवण. आणि मधेच एक वाक्य, की रात्री लाइट आली तशी मोटार सुरू केली, पाहुण्यांसाठी दोन्ही हौद भरून घेतले, पहाटेपर्यंत उपसा चालला.

मी सकाळी आठला टेप सोडली होती. या खडकातली विहीर उपसली की पुन्हा भरायला वेळ घेते. म्हणजे मी मोजली ती विहिरीची स्थिर पातळी नव्हतीच, हळदीनंतरची पातळी होती. परीक्षकाला उत्तर गेलं: उपशानंतर पाणी पूर्ववत होण्याआधी घेतलेली नोंद, म्हणून विश्लेषणातून वगळली. नोंद शेवटी वगळलीच, पण का वगळली ते सांगून. शिवाय त्यानंतर माझ्या फील्डशीटला एक नवा रकाना आला: आदल्या रात्री मोटार चालली का? आता माझे विद्यार्थी तो भरतात. तो कुठून आला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

या वेळी मला मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांची फार आठवण आली. बर्लिनला कवट्यांची मोजमापं करून डॉक्टरेट मिळवलेल्या, भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ मध्ये मोठा इंग्रजी ग्रंथ काढणाऱ्या या बाई पंढरपूरच्या वाटेनं दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर मराठीत ललित लेख लिहिला. त्या चालतात, थकतात, अभंग ऐकतात. आणि एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायकांची जेवणं वेगळी होतात, याची रुखरुख तिथे 'मी' म्हणून मांडतात. ज्या भागातले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्याही त्याच लेखातली. पुढे त्याचं इंग्रजी भाषांतर, त्यांचे पती दिनकर कर्वे यांनी केलेलं, १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आलं आणि वारीचा अभ्यास करणारे आजही त्याचा हवाला देतात. रुखरुखीसकट.

यावरून लगेच पेपरात रुखरुख घालायला जाऊ नका. इरावतीबाईंचा विषय माणसं हाच होता, माझा खडक आहे. खडकाबद्दल मला काय वाटतं याच्याशी पातळीचा संबंध नाही. मी एकदा पेपराच्या प्रास्ताविकात दोन ओळी दुष्काळी आभाळाच्या घातल्या होत्या. परीक्षकानं समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. त्याचं बरोबर होतं.

मी पाळते ती एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. विहिरीवरून आल्यावर आकडे संगणकात चढवायच्या आधी वही लिहायची. आकडे चढवले, आलेख निघाला, की त्या आलेखाला शोभेल तेवढंच आठवायला लागतं. हळद आठवत नाही. वही आधी असली की कुठलं पुढे उपयोगी पडणार हे ठाऊक नसताना लिहिलं जातं, आणि नेमकं तेच उपयोगी पडतं. कधी पेपराला, कधी दिवाळी अंकाला, बहुतेकदा कशालाच नाही. जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा पाणाडी नारळ तळहातावर आडवा धरून शेतातून कसा चालतो आणि नारळ उभा राहिला की सगळे कसे गप्प होतात, यावर माझी दहा पानं भरली आहेत. ती ना पेपरात जातील, ना छापायचा अजून धीर झालाय, कारण तिथेही पोस्टकार्ड येणार.

तेव्हा गाइडना दुखवू नका. त्यांचंही चुकत नाही, छापण्याच्या नादात प्रबंध रखडलेले त्यांनी बघितले असतील. छापणं थांबवा, दोन-तीन वर्षं. वही थांबवू नका. ती त्यांना दाखवायचीही गरज नाही.

आजींवरचा लेख छापून आला तेव्हा अंक घेऊन त्यांच्याकडे गेले होते. ओसरीवर बसून वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. दोरीच्या सोळा गाठींशी आले तशा म्हणाल्या, "सोळा न्हवं बाई, सतरा."

मी म्हटलं, आजी, तुम्हीच मोजल्या होत्या माझ्यासमोर, सोळा.

"मोजल्या सोळाच. पर मधली एक गाठ सुटल्याली हाय कवाधरनं. ती मनात धरायची."

रात्री घरी येऊन हिशेब केला. हात म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर. सोळा हातांचे होतात ७.२ मीटर, सतरांचे ७.६५. सतरांतून साठ सेंटिमीटरचा कठडा वजा केला, राहिले ७.०५. माझ्या पेपरातला त्या दिवसाचा आकडा होता ७.१. पेपर बरोबर होता, आजी बरोबर होत्या. चूक दिवाळी अंकात होती, आणि तो तर विकूनही झाला होता.