चार मिनिटं मागं

लातूरच्या एका शिक्षण संस्थेचं काम होतं. प्रवेश, हजेरी आणि पगार अशी तीन जावा ॲप्लिकेशन्स, तिघांचे पासवर्ड निराळे. ऑफिसातल्या एका कीबोर्डच्या पोटाला तिन्ही पासवर्ड चिकटपट्टीनं डकवलेले, त्यातला एक खोडून दोनदा लिहिलेला. ही कटकट मिटवायला सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकाच लॉगिनवर तिन्हीकडं प्रवेश, करायचं ठरलं. मी कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि तिन्ही ॲप्स स्प्रिंग सिक्युरिटी या जावाच्या सुरक्षा लायब्ररीतून, ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाणित पद्धतीनं त्याला जोडली.

चाचणीत एकच अडचण आली. ॲप्सच्या पुढं इंजिनएक्स हा वेब सर्व्हर एचटीटीपीएसची सुरक्षित जोडणी सांभाळत होता, त्यामुळं मागच्या ॲपला वाटायचं आपण साध्या एचटीटीपीवरच आहोत. मग लॉगिननंतर ॲपकडं परतायचा पत्ता जुळेना. मूळ पत्ता ॲपला कळवणाऱ्या फॉरवर्डेड हेडर्सची सेटिंग केली, मिटलं.

चाचणीपुरतं कीक्लोक कॉलेजच्याच सर्व्हरवर होतं. सोमवारी ते मुंबईच्या क्लाउडवर हलवून सगळ्यांना खुलं केलं आणि दहाच मिनिटांत हेडक्लार्क मॅडमचा आवाज आला, "सर, पासवर्ड घ्यायलंय, पण आत घेईना गेलंय!"

खरंच होतं. कीक्लोक ओळख पटवून परत पाठवत होतं आणि आमचं ॲप उंबऱ्यावरूनच माघारी धाडत होतं. लॉगमध्ये 'इनव्हॅलिड आयडी टोकन' आणि त्याच ओळीत आयएटी. म्हणजे 'इश्यूड ॲट', टोकन (ओळख पटल्याची कीक्लोकची डिजिटल चिठ्ठी) दिल्याची वेळ. उत्तर तिथंच लिहिलेलं होतं, पण घाईत मी नुसतं 'इनव्हॅलिड' वाचलं आणि क्लायंट सीक्रेट, सर्टिफिकेट, इश्युअरचा पत्ता असं सगळं दोन-दोनदा तपासत बसलो. दीड तास गेला. बाहेर प्रवेशाला आलेली पोरं, त्यांचे पालक, हातात फायली.

मॅडम वैतागून म्हणाल्या, "जुनंच बरं होतं बघा. दहा वाजून तीन मिनिटांनी आलं तरी लेट मार्क नव्हता!"

मी थबकलो. हजेरीची वेळ सर्व्हर लावतो. कमांड मारून सर्व्हरची तारीख-वेळ बघितली: ११:२६. माझ्या मोबाइलवर ११:३०.

मुंबईहून आत्ता निघालेलं टोकन आमच्या सर्व्हरच्या हिशेबानं चार मिनिटांनी जन्मणार होतं. स्प्रिंग सिक्युरिटी इथं ६० सेकंदांपर्यंतचा फरक चालवून घेते, त्यापुढं नाही. चाचणीत दोघं एकाच मशीनवर, म्हणून दोघांचं घड्याळ सारखंच चुकलेलं. भांडण कशाला होईल?

"तेवढी सवलत वाढवा आणि चालू करा की," संस्थेतले एक सर म्हणाले. एका ओळीचं काम होतं, मोहही झाला. पण घड्याळ रोज थोडं थोडं मागं पडतच राहणार आणि काही महिन्यांनी असाच एक सोमवार उगवणार. त्यापेक्षा ते मागं का पडतंय ते शोधलं. वेळ जुळवणाऱ्या एनटीपीचा यूडीपी १२३ पोर्ट फायरवॉलवर बंद होता. तो उघडून घेतला, त्यातून घड्याळ जुळवणारं क्रोनी चालू केलं. घड्याळानं उडी मारली आणि मॅडम पहिल्याच फटक्यात तिन्ही ॲप्समध्ये शिरल्या.

मंगळवारी सव्वादहाला त्यांचा फोन. "सर, लॉगिन एकदम झकास चालायलंय. पण आज सात जणांना लेट मार्क पडलाय. ते जरा पहिल्यासारखं करता येतंय का?"