आमची वाटचाल : कानापासून जिभेपर्यंत

कान सोनारानंच टोचावेत असं म्हणतात, आणि आमच्या घरात ते आजोबांपासून चाललंय. पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळ आजोबांची छोटीशी जागा होती, दिवसभर डागडुजीची कामं आणि मधेच कोणीतरी बारशाचं बाळ घेऊन यायचं. सोन्याची बारीक तार, टोकाला धार, दोन सेकंदात कान टोचून तारेला पीळ देऊन मोकळे. पण एक गोष्ट आजोबा आणि नंतर बाबा दोघंही न चुकता सांगायचे, आठव्या दिवशी बाळाला परत आणा, मी बघितल्याशिवाय काही लावू नका. त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. तेव्हा मला ते नुसतं चांगुलपणाचं वाटायचं, खरं तर अर्धं काम तेच होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मग भिकबाळीची हवा आली. कॉलेजची मुलं घोळक्यानं यायची, वरच्या कुर्चेत टोचायचं, आणि गर्दी सांभाळायला आम्ही कान टोचायची गन घेतली. ती चूकच होती. गनमधला खडा बोथट असतो, तो जोरानं आत घुसवला जातो, कुर्चा चेचली जाते, आणि गनची प्लॅस्टिकची बॉडी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, टाकताच येत नाही. दोन-तीन मुलांचे कान सुजून लाल झाले तेव्हा बाबांनी ती गन कपाटात टाकली ती परत काढली नाही. त्यानंतर मी बाहेरगावी एका स्टुडिओत दीड वर्ष राहून सुईचं काम शिकले. पोकळ सुई, एका माणसाला एकच, वापरली की थेट जाड डब्यात. परत आल्यावर कर्वे रोडला एक खोली भाड्यानं घेतली, ऑटोक्लेव्ह घेतला, आणि नाक, कान, भुवई, बेंबी सगळं सुरू केलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच समजा, १२१ अंश, १५ पौंडाचा दाब, पाकिटातल्या सामानाला आम्ही ३० मिनिटं देतो आणि पाकिटावरची पट्टी रंग बदलल्याशिवाय ते उघडत नाही.

जीभ सुरू केली आणि पहिल्याच वर्षी तोंडावर पडलो.

एक कॉलेजची मुलगी होती. टोचणं अगदी छान झालं, रक्त जेमतेम थेंबभर. पण बार, म्हणजे टोकांना मणी असलेली बारीक दांडी, मी १४ मिलिमीटरचा घातला, का तर सप्लायरनं तोच पाठवला होता आणि लांब बार दिसायला ओबडधोबड वाटतो म्हणून मीच मागवला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन, बोलणं समजेना. आली तेव्हा जीभ एवढी सुजलेली की वरचा मणी अर्धा मांसात रुतला होता. मी हात लावला नाही, सरळ रिक्षानं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी भूल देऊन बार काढला. ती बरी झाली, पण मी त्या दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसले होते ते अजून आठवतं. बाबा एवढंच म्हणाले, "अगं, सूज येणारच होती, तुला जागा ठेवायला नको का?" त्यानंतर सहा महिने आम्ही जीभ बंद ठेवली.

त्या सहा महिन्यांत जे शिकले त्यावरच आजचं दुकान उभं आहे. जिभेला रक्ताचा पुरवठा खूप, म्हणून ती भरून लवकर येते पण सुजते पण जोरात. पहिले तीन ते पाच दिवस सूज असतेच असते, काहींना आठवडाभर. म्हणून पहिला बार मुद्दाम लांब, १८ ते २२ मिलिमीटर, जिभेची जाडी बघून. आणि सूज उतरली की दोन ते चार आठवड्यांत तो काढून छोटा घालायचा, बहुतेकांना १४ ते १६ चा बसतो. हा दुसरा बार लोकांना फालतू खर्च वाटायचा म्हणून लोक यायचेच नाहीत. मग आम्ही दुसऱ्या बारचे पैसे पहिल्याच बिलात घ्यायला लागलो, वरून सगळ्यांना महाग वाटलं, काही गिऱ्हाईक तुटलं, पण जे आले ते परत आले. माझ्या मते धंद्यातला सगळ्यात चांगला निर्णय तोच.

धातूचं पण तसंच. "सर्जिकल स्टील आहे ताई" एवढ्यावर पूर्वी आम्ही माल घ्यायचो, त्यात निकेल असतं आणि कोणाला सोसेल कोणाला नाही. आता इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम, एएसटीएम एफ १३६ या मानकाचं, आणि लॉटबरोबर कागद नसेल तर माल परत. सोनाराच्या घरचे आहोत, कस बघितल्याशिवाय सोनं घेत नाही मग हे का घ्यायचं. दुसरं म्हणजे आटे. बारवर बाहेरून आटे असले की ताज्या जखमेतून जाताना किसणीसारखे घासतात, म्हणून आमच्याकडे आटे आतून, फिरकी मण्याला. बाबांना ही फिरकी इतकी आवडली होती की भिंग लावून दहा मिनिटं बघत बसले होते.

आणि नाही म्हणायला शिकलो. आधी जीभ वर करायला सांगते आणि टॉर्च मारते. खाली दोन्ही बाजूंना निळ्या शिरा दिसतात आणि मधे जीभ खाली बांधून ठेवणारा तो तंतू. शिरांपासून लांब, तंतूच्या पुढे, मधोमध जागा मिळाली तर जांभळ्या शाईचा ठिपका, आणि मग आरशात दाखवते. काहींचा तंतू अगदी टोकापर्यंत आलेला असतो, त्यांना जागाच नसते, त्यांना चहा पाजून परत पाठवते. १८ च्या खाली नाही, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर नाही, गरोदर असेल तर नाही, शुगर हाताबाहेर असेल तर नाही. तंबाखू, मावा, मिशरी सोडायची तयारी नसेल तरी नाही, निदान जखम भरेपर्यंत. यावर खूप वाद होतात, पण तंबाखू त्या भोकात जाऊन बसते हो, ती कोण काढणार.

घरच्या काळजीबद्दल आता थोडं सविस्तर, कारण रात्री अकराला येणारे फोन याचेच. पहिले दोन-तीन दिवस बर्फाचे छोटे तुकडे चघळायचे नाहीत, नुसते विरघळू द्यायचे. गार वरण-भात, ताक, नाचणीची आंबील, आइस्क्रीम. मिसळ, ठेचा, वाफाळता चहा नाही. हळूहळू, छोटे घास, जीभ सरळ ठेवून, नाहीतर मणी दाढेखाली येतो. जेवण झालं की चूळ, कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, जास्त टाकलं तर उलट जळजळतं. माउथवॉश घ्यायचाच तर अल्कोहोल नसलेला. हळद नाही, तूप नाही, खोबरेल नाही, आमच्या आजीचा यावर राग होता पण कानाचं औषध तोंडात चालत नाही. ब्रश नवीन आणि मऊ. दारू नाही, सिगरेट नाही, चुंबन नाही. मणी घट्ट आहेत का ते रोज धुतलेल्या हातानं बघायचं. आणि बार काढायचा नाही, ताजं भोक काही तासांत बुजायला लागतं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, "ताई पांढरं येतंय, पू झालाय का?" बहुतेक वेळा नाही. भोकातून पांढुरकं-पिवळसर पाणी येतं ते भरून येण्याचंच लक्षण. पण ताप आला, सूज पाचव्या दिवसानंतर वाढायला लागली, लाली पसरली, हिरवट पाणी किंवा घाण वास यायला लागला, तर मी फोनवर काही सांगत नाही, डॉक्टर. आणि जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, तर सरळ इमर्जन्सी, त्यात वाट बघायची नसते.

सूज किती आहे हे फोनवर कळायला माझी एक युक्ती आहे. मी त्यांना "काळी केळी" म्हणायला सांगते. ळ म्हणायला जीभ मागे वळवावी लागते, सुजलेल्या जिभेला ते जमत नाही, ळच्या जागी ल येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ळ परत आला की मला इकडे बरं वाटतं.

लॉकडाऊनमध्ये मात्र उलटं झालं. मार्च २०२० च्या सुरुवातीला टोचलेल्या एका मुलाला छोटा बार घालायला येताच आलं नाही, दुकान बंद, तो गावी अडकला. कित्येक महिने तो लांब बार तोंडात, सूज केव्हाच गेलेली, त्याला तो दातांवर आपटायची सवय लागली आणि खालच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. आम्ही व्हिडिओ कॉलवर रोज सांगत होतो आपटू नकोस, पण सवय ती सवय. दातांच्या डॉक्टरांनी भरून दिलं, आणि हिरडी खाली सरकतेय हे पण दाखवलं. तेव्हापासून टोचायच्या आधी मी स्पष्ट सांगते, जखम चार ते आठ आठवड्यांत भरेल पण दातांचा आणि हिरडीचा धोका बार आहे तोवर राहतो, तर दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला दाखवा. हे ऐकून काही जण उठून जातात. जाऊ देते.

आता आम्ही चौघं आहोत. बाबा रविवारी येतात, बारशाच्या बाळांचे कान अजूनही तेच बघतात, तार मात्र आता ऑटोक्लेव्हमधून निघते. काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये छोट्या बारांची पाकिटं असतात, प्रत्येकावर नाव, टोचल्याची तारीख आणि माप. एकविसाव्या दिवशी आम्ही फोन करतो, आला नाही तर परत करतो. आज संध्याकाळी सहाला एक जण येणार आहे, तेवीस दिवस झालेत, काल फोनवर ळ अगदी स्वच्छ होता. त्याचा १६ चा बार काढून ठेवलाय.